हिरवा धूर

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. पाण्याखाली फोटो काढणारे कॅमेरे तेव्हाही होते, पण ते मोठ्या संस्थांकडे. किनाऱ्यावरच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात कॅमेऱ्याचं काम एका मुलीकडे होतं, आणि ती मुलगी कधी गुडघाभर पाण्याच्या पुढे गेलेली नव्हती. घरात शेंडेफळ म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिचा मोठा भाऊ, दादा, केंद्राचा मुख्य पाणबुड्या होता. त्याच्यामुळे केंद्रातही तेच नाव तिला चिकटलं.

काम असं चाले. पाणबुडे पाठीवर हवेच्या टाक्या लावून खडकांपाशी उतरत आणि तिथले जीव पाहून येत. ओळखीचा असेल तर नोंद करून मोकळे. अनोळखी असेल तर वर आल्यावर धाकटीसमोर बसायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. ते सांगतील तसं ती काढे. मग ते चित्र कपाटातल्या जाडजूड पुस्तकांशी ताडून पाहायचं.

या कामात धाकटीचे दोन नियम होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिला, चित्र पुरं होईपर्यंत कुणी प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. "नाव ऐकलं की माणूस पाहिलेलं विसरतो आणि ऐकलेलं सांगतो," असं ती म्हणे. दुसरा नियम त्याहून कडक होता. एकत्र बुडी मारणाऱ्या दोघांनी वर आल्यावर आपसांत बोलायचं नाही. एकाने पुढच्या खोलीत बसायचं, दुसऱ्याने मागच्या. एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. दोन्ही चित्रं जुळली तरच ती खरी.

"पोलीस चौकी बरी," दादा म्हणायचा. "तिथे निदान आधी चहा विचारतात."

"तिथे खोटं बोलणारे जातात. तुम्ही खरं बोलून घोळ घालता," धाकटी म्हणायची.

आणि खरंच होतं ते. पाणबुडे खोटं बोलत नसत, पण पाणीच त्यांना फसवी. खोलवर सूर्याचा उजेड गाळून येतो आणि त्यात सगळ्यात आधी लाल रंग मरतो. वर आणल्यावर शेंदरासारखा दिसणारा मासा खाली काळपट दिसतो. म्हणून कुणी "काळा" म्हटलं की धाकटीचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: "हातात दिवा होता का?" दिवा नसेल तर ती काळ्याच्या बाजूला बारीक अक्षरांत लिही, 'कदाचित लाल'. हिरव्या-निळ्याबद्दल मात्र ती कधी विचारत नसे. हे दोन रंग इमानदार, असं तिचं मत होतं.

त्या दिवशी सकाळपासूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दादा बगळ्याला घेऊन खोल खडकावर गेला होता. बगळा म्हणजे नवा पाणबुड्या, उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा. पंधरा पुरुष, म्हणजे नव्वद फूट, खोल जायची त्याची ती पहिलीच खेप. धाकटीने पेन्सिली टोक काढकाढून अर्ध्या केल्या. दुपारी नाव आली ती नेहमीपेक्षा जोरात, आणि नाव धक्क्याला लागायच्या आत बगळ्याने पाण्यात उडी टाकली तेव्हा ती खुर्ची पाडून उठली.

दादाच्या उजव्या हाताला टॉवेल गुंडाळला होता. तो स्वतःच्या पायांनी चालत होता, चेहरा मात्र चुन्यासारखा.

"कपारीत हात घातला होता," तो म्हणाला. "काहीतरी चावलं. हिसका देऊन ओढला तर खडकावर सगळा सोलवटून निघाला."

बगळा तोंड उघडणार तोच धाकटीने त्याला दंडाला धरून पुढच्या खोलीत लोटलं. दादाला मागच्या खोलीतल्या बाकावर झोपवलं. सवय, दुसरं काय. घर जळत असतं तरी तिने दोन खोल्यांत दोघांना बसवून विचारलं असतं, काय जळतंय.

केंद्राला लागूनच दवाखाना होता. डॉक्टर आले आणि त्यांनी टॉवेल सोडला. करंगळीपासून मनगटापर्यंत हात ओरबाडलेला. त्यात चावा कोणता आणि खडकाचं काय, देवालाच ठाऊक. त्यांनी मनगटापासून वर रुंद पट्टी घट्ट बांधली आणि धाकटीला बाजूला घेतलं.

"मला एकच सांगा. तो समुद्री साप होता का?"

"का?"

"साप असेल तर इंजेक्शन द्यावं लागेल, आणि आत्ता द्यावं लागेल. मान आखडली, पापण्या पडायला लागल्या की मग दिलेलं किती उपयोगी पडेल याचा भरवसा नाही."

"मग द्या ना."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ते घोड्याच्या रक्तापासून करतात. दोन वर्षांपूर्वी याच्या पायात खिळा गेला तेव्हा धनुर्वाताचं तसलंच दिलं होतं मी. आठवतंय? घसा सुजला, श्वास बंद व्हायला आला. थोडक्यात वाचला. आता दिलं तर इंजेक्शननेच जाईल अशी मला भीती आहे. नाही दिलं आणि साप असला, तर विषाने. ओळखायचं काम तुमचं आहे. ओळखा."

धाकटी पुढच्या खोलीत आली. बगळ्याच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. तो बसेना, उभा राहीना. एकदा खिडकीशी, एकदा दाराशी.

"बस," ती म्हणाली. "नाव घेऊ नकोस. काय दिसलं?"

"ताई, दादा..."

"दादाचं मला सांगू नकोस. काय दिसलं?"

"लांबडं. मनगटाएवढं जाड. अंगावर आडवे पट्टे, एक काळा, एक पांढरा. कपारीतून वीतभरच बाहेर आलं होतं."

"हातात दिवा होता?"

"दिवा दादाकडे. तो विझला होता, म्हणून तर दादा कपारीत चाचपत होता."

'कदाचित लाल', तिने लिहिलं. पेन्सिल मोडली. दुसरी घेतली. "शेपूट?"

"आतच होतं."

शेपूट दिसलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. समुद्री सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. आणि अगदी तसेच पट्टे घेऊन वाम फिरते, ती म्हणजे सापासारखा लांब मासा. चावते, पण विषारी नाही. तिची शेपटी निमुळती, पाठीवर झालर. वीतभर पट्टे दोघांचे सारखेच.

"पाठीवर झालर होती? मऊ, हलणारी?"

"नाही दिसली. ताई, आणखी एक. त्याने हिरवा धूर सोडला."

"काय?"

"दादाचा हात तोंडात धरला ना, तेव्हा तोंडातून हिरवा धूर निघाला. ढगासारखा. आधी थोडा, मग भसाभस. दादाने हात ओढला तो त्यानंतर."

पुढचा वेळ तिने कसा काढला ते तिचं तिलाच. कपाटातली पुस्तकं जमिनीवर आली. शाई सोडणारे जीव मिळाले, ते सगळे मऊ अंगाचे, आठ-दहा पायांचे. हिरवं काही ओकणारा साप नव्हता, हिरवं ओकणारी वामही नव्हती. म्हणजे कुणी तिसराच असावा, पुस्तकात नसलेला, आणि त्याच्या विषाला तर इंजेक्शनच नसेल. ती उठे, मागच्या खोलीच्या दारापर्यंत जाई, आतून डॉक्टरांचा आवाज येई, "मान वाकवा. गिळा. डोळे मोठे करा." ती परत फिरे. पंखा खडखडत होता. तो बंद केला तर घाम, चालू केला तर पानं उडत.

एवढ्यात वहिनी आली. शाळेत शिकवत होती, निरोप मिळाला तशीच निघाली होती. खडूचे हात, पदर खोचलेला. दादाला पाहून ती बाहेर आली आणि जमिनीवरची पुस्तकं पाहून दारातच थांबली.

"काय चाललंय हे, वन्सं?"

"ओळखतेय."

"डॉक्टर म्हणतात सगळं तुमच्यावर अडलंय."

"माहितीये, वहिनी."

"मग त्यांना काय दिसलं ते विचारलंत का? हाताला चावलं त्यांच्या, आणि सांगतोय हा बगळा."

"त्याला ग्लानी आहे. आणि ह्याचं पुरं झाल्याशिवाय त्याला विचारायचं नाही, नाहीतर..."

"नाहीतर काय? चित्र बिघडेल?" वहिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझा नवरा बिघडतोय, त्याचं बघा आधी."

धाकटीने ते चित्र उचललं, वीतभर पट्टे आणि हिरव्या खडूने काढलेला ढग, आणि उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. एकाचं चित्र घेऊन दुसऱ्याच्या खोलीत गेली.

"दादा, हे बघ. बगळा म्हणतो त्याने हिरवा धूर सोडला. हा कोण?"

दादाने डोळे किलकिले केले. चित्र जवळ घेतलं. मग त्याच्या पोटात काहीतरी हललं, आणि धाकटीला वाटलं झालं, आचके सुरू झाले. पण तो हसत होता.

"अगं वेडाबाई, ते माझं रक्त आहे."

"रक्त?"

"एवढं खाली रक्त हिरवंच दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं होतं मी कारल्याचा रस होऊन मरणार. बगळ्याने कधी पाहिलं असणार?"

लाल मरतो हे तिला पाठ होतं. त्याच्या जागी काय उरतं हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण तिच्यासमोर बसून कुणी स्वतःच्या रक्ताचं वर्णन केलं नव्हतं. ती धावत दारात गेली.

"बगळ्या, इकडे ये. नीट आठव. धूर हात ओढायच्या आधी निघाला की नंतर?"

"आधी. म्हटलं ना. तोंडात हात होता तेव्हाच."

"खडकाला लागायच्या आधी?"

"आधी, ताई. ढग झाल्यावर दादाचा हात मला दिसेनासा झाला, मग त्याने हिसका दिला."

ती डॉक्टरांकडे वळली. "सापाचे दात सुईसारखे असतात ना? त्यांनी रक्त किती येतं?"

"ठिपका. फार तर दोन." डॉक्टर उभे राहिले होते. "कधीकधी कळतही नाही चावलं ते."

"आणि हे भसाभस आलं. खडकाला हात लागायच्या आधी. म्हणजे ज्याने धरलं त्याने फाडलं. ती वाम आहे."

डॉक्टरांनी दादाचा हात उजेडात धरून करंगळीच्या बुडाशी पुन्हा पाहिलं. आता कुठे पाहायचं ते कळल्यावर खालची अर्धगोल, दातेरी रेघ त्यांना दिसली. तरी सुई भरून त्यांनी ताटलीत ठेवली.

"थांबतो," ते म्हणाले. "पण इथून हलत नाही."

मग ते थांबणं. त्याहून दाटीवाटीचं काही त्या खोलीत तोवर झालं नव्हतं. वहिनी पायाशी, डॉक्टर उशाशी, बगळा दारात अंग चोरून, धाकटी कुठेच नाही, नुसती इकडून तिकडे. डॉक्टर मान वाकवायला लावत. दादा वाकवी. "जीभ जड वाटतेय?" "बायको समोर बसली की नेहमीच वाटते." वहिनी त्याच्या पायाला चिमटा काढी, आणि पाय ओढला गेला की तिला बरं वाटे. मध्येच तो म्हणाला मान दुखतेय, आणि चौघेही त्याच्याकडे धावले. उशी सरकली होती.

उन्हं उतरली. दादाला भूक लागली. लघवीचा रंग, जो सापाच्या विषाने काळपट होतो, डॉक्टरांनी खिडकीशी नेऊन पाहिला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "स्वच्छ." तेव्हा कुठे ताटलीतली सुई त्यांनी मोकळी केली. वहिनी त्यानंतर रडली. बगळाही रडला, पण तो म्हणाला डोळ्यात खारं पाणी गेलंय, आणि त्याला कुणी आठवण करून दिली नाही की तो दुपारीच पाण्याबाहेर आलाय.

आठवड्याने बगळा दुसऱ्या पाणबुड्याबरोबर दिवा घेऊन त्याच कपारीपाशी गेला. वाम तिथेच होती, हातभर बाहेर आली, पाठीवर झालर, अंगावर पट्टे. काळे नाहीत, विटकरी.

पुढे बगळा पाणबुड्यांना शिकवायला लागला. नव्या पोरांना पहिल्यांदा खोल नेलं की तिथे तो स्वतःच्या बोटाला टाचणी टोचून दाखवतो, असं लोक सांगत. खरं असेल, तो तसाच होता. डॉक्टरांची बदली झाली. जाताना ते धाकटीकडून वामेचं एक चित्र मागून घेऊन गेले, आणि नव्या दवाखान्यात टेबलामागे लावलंय असं एकदा कळलं. दादाने पुढे बरीच वर्षं बुड्या मारल्या, कान खराब झाले तेव्हा सोडल्या. करंगळी मात्र पुन्हा वाकली नाही, चहा पिताना ताठ राही. नव्या माणसाला वाटे, काय हा रुबाब. साठी उलटल्यावर तो एका दुपारी, जेवून आडवा झाला असताना, झोपेतच गेला. समुद्राने त्याला नेलं नाही, याचं वहिनीला आजही समाधान आहे.

केंद्रात कॅमेरे आले, चित्रांचं काम थांबलं. धाकटीने लग्न केलं नाही, किंवा करायचं राहून गेलं, ते आता तिलाही नीट सांगता येत नाही. दादा गेल्यावर ती वहिनीकडे राहायला गेली. दोघींचे डोळे अधू झालेत, गुडघे त्याहून. एकीला पंखा लागतो, दुसरीला सोसत नाही. "वन्सं, बंद करा तो." "वहिनी, जीव गुदमरतो माझा." दिवसातून चारदा तरी हे होतं, आणि पंखा शेवटी एक नंबरवर फिरत राहतो.