दही लागलं नाही

साळुबाईने वाटीवरची ताटली उचलली आणि दही नाकाजवळ नेलं. वास आला नाही. वाटी ओट्यावर ठेवून तिने हिंगाची डबी उघडली, नाक जवळजवळ आतच घातलं. तिथेही काही नाही. मग ती देवापाशी गेली, कापराची वडी बोटांत चुरडली आणि बोटं हुंगत उभी राहिली.

बाहेर अंगणात गाडीची डिकी बंद झाल्याचा आवाज आला.

चार दिवसांपूर्वी ती पेठला लग्नाला जाऊन आली होती. काल रात्रीपासून घसा धरला होता. मांडवातल्या थंड पाण्याने धरला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. आता कापूर बोटांवर होता आणि सांगायला काही उरलं नव्हतं.

अंगणापलीकडचं घर तिच्या धाकट्या जावेचं, उज्ज्वलाचं. मधे दहा पावलं. पण गेले आठ दिवस उज्ज्वलाने ती दहा पावलं टाकली नव्हती. तोंडाला मास्क लावून ती आपल्याच ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसायची आणि तिथूनच हात हलवायची.

"जहाजवाली झाली आता," साळुबाई दूधवालीला म्हणाली होती. "आमचा वारा बी चालत नाय तिला."

जहाजाचं निघालं ते हर्षालीमुळे. उज्ज्वलाची ही नात पुण्यात जहाजाच्या सहली विकणाऱ्या कंपनीत होती. दोन वर्षं तिथे शुकशुकाट होता, निम्मी माणसं घरी बसली. आता दुसरी लाट ओसरल्यावर मुंबईहून जहाज पुन्हा सुटू लागलं होतं. माणसं निम्मीच घ्यायची, दोन्ही लशी झालेली, तपासणीचा कागद हातात असलेली. हर्षालीने आजीचं नाव घातलं. सत्तरीला टेकलेली बाई बिनघोर जाऊन आली, तर बाकीची येतील, असा तिचा हिशेब.

"या फेऱ्या नीट पार पडल्या तरच जहाजं चालतील, मोठी आई," ती अंगणात उभी राहून साळुबाईला म्हणाली होती. "एखादा आजारी निघाला, तर जहाज धक्क्यालाच थांबवतात. सगळ्यांनी आपापल्या खोलीत कोंडून घ्यायचं."

"कोंडून घ्यायला येवढ्या लांब कशाला जायाचं? आमी दोन वर्सं घरीच कोंडून घेतलं की."

हर्षाली हसली होती. मग तिने मोबाईलवरचा अर्ज आजीला मोठ्याने वाचून दाखवला. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. घरात, शेजारी कोणाला काही आहे का. साळुबाई आपल्या दारातून सगळं ऐकत होती. खोलीला गॅलरी आहे, हेही तिने ऐकलं.

बोटीवर खरं तर साळुबाई जायची होती. चाळीस वर्षांहून जास्त झाली त्याला. तिचा नवरा सावळाराम टोमॅटोचा माल घेऊन मुंबईला जायचा. एकदा येताना त्याने भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या गोव्याच्या बोटीची दोन तिकिटं आणली. साळुबाईने पिशवी भरली, दशम्या केल्या. निघायच्या आदल्या पहाटे उज्ज्वलाला आठव्यातच कळा लागल्या. सासूबाई म्हणाल्या, मोठीने हलायचं नाही. शेक-शेगडी करत साळुबाई घरी राहिली. तिच्या जागी नारायणगावचा आडत्या सोहनलाल बोटीवर गेला.

सावळाराम परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला एक वास होता. मिठाचा, ओल्या दोराचा, आणखी कसला तरी. साळुबाईने तो सदरा न धुता ट्रंकेत ठेवला. कोणी नसलं की झाकण उघडायची. पुढे दिवाळीच्या धुण्यात उज्ज्वलाने सदरा काढून धुऊन टाकला, निळीतून काढला, वाळवून घडी घालून आणून दिला. तिला काय माहीत.

"मोठी आई, चला, दही," हर्षालीने हाक मारली.

या घरातलं माणूस शीव ओलांडून लांब निघालं, की थोरल्या बाईने हातावर दही द्यायचं. सासूबाई गेल्यापासून तो मान साळुबाईचा. लेक गोरख चाकणला कंपनीत लागला तेव्हा, हर्षाली पुण्याला शिकायला गेली तेव्हा, दही तिच्याच हातचं.

तिने वाटी उचलली आणि दाराच्या फटीतून पाहिलं. उज्ज्वलाने जांभळी साडी नेसली होती, खाली पांढरे बूट. उजवा तळहात तिने आत्ताच खोलगट करून ठेवला होता.

एक चमचा. तळहाताला तळहात लागेल, ती मास्क खाली करून चाटेल. मग दोन दिवसांनी समुद्राच्या मधोमध, गॅलरीचं दार बंद, बाहेरून कुलूप. साळुबाईने तो विचार झटकला नाही. नवी बांगडी दुकानात हातात चढवून पाहावी तसा तिने तो पाहिला. आणि दही न देताही तिचं जाणं मोडण्यासारखं होतं. मला वास येईना, एवढं एकच वाक्य. डिकी उघडली असती, बॅग खाली आली असती. उज्ज्वलाने ती स्वतःच उतरवली असती आणि पेज करून दारात आणून ठेवली असती. ती तशीच होती.

साळुबाईने कडी लावली.

"दही लागलं नाय," ती आतून म्हणाली.

"काय म्हणता, आक्का?" उज्ज्वलाचा आवाज दाराशी आला.

"थंडीनं लागलं नाय. तिथंच थांब. जावा तुमी, उशीर हुईल."

"मंग साखर द्या चिमूटभर. तुमच्या हातचं घेतल्याबिगर कवा गेलोय का आमी?"

"साखर संपलीया."

दाराशी आलेली पावलं मागे फिरली. मग उज्ज्वला हलक्या आवाजात बोलली, पण अंगण काही मोठं नव्हतं.

"चल बाय. बोटीचा राग हाय त्यो. म्हातारी झाली तरी जळती अजून."

"आजी, ऐकू जाईल."

"जाऊ दे. खोटं हाय का?"

गाडी मारुतीच्या देवळापाशी वळेपर्यंत साळुबाई कडीवर हात ठेवून उभी होती. मग तिने गोरखला फोन लावला.

"लांबूनच ये. तोंडाला बांधून ये. नारायणगावला तपासायला न्हे मला. आन् चुलतीला यातलं काय सांगू नको, ती उतरस्तवर."

फोन ठेवून ती ओट्यापाशी आली. दही इतकं घट्ट लागलं होतं, की चमचा उभा राहिला. तिने थोडं स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि चाटलं. आंबट होतं की गोड, कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. साळुबाई खाटेवर पडून होती. उशाशी गोळ्या होत्या, पायरीवर गोरखने ठेवलेला डबा.

"आक्का, लागलं का दही?" उज्ज्वला म्हणाली. मागे वारा घोंघावत होता.

"लागलं. उशिरा."

"आवाज बसलाय तुमचा."

"मसाला कुटला. तुझं कसं हाय? कोन आजारी?"

"कोन न्हाय. समदी ठणठणीत. हर्षीला सायबाचा फोन आला, लई खूश हाय ती. मी गॅलरीतच बसलीया सकाळपास्नं."

गॅलरी. साळुबाईने कूस बदलली. छातीत पुन्हा तेच जळजळलं, काही केल्या विझत नव्हतं.

"घाण येत असंल मासळीची," ती म्हणाली.

"न्हाय वो. येगळाच वास हाय हितं. कसा सांगू तुमाला, आक्का..."

उज्ज्वला थांबली. आता टोमणा येईल म्हणून थांबली असावी. साळुबाई उठून बसली. फोन तिने दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"सांग," ती म्हणाली. "नीट सांग. घाई करू नको."