सामानाजवळ कोण बसणार?

शाळेत खेळाच्या सरांचा एक नियम होता. त्यांच्या तासाला एकही मूल मैदानाच्या कडेला बसलेलं त्यांना खपायचं नाही. पोट दुखतंय म्हणणाऱ्याच्या हातीसुद्धा ते निदान शिट्टी तरी द्यायचे. अशा माणसाच्या घरात कुणावर अन्याय होत असेल, असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, तो काय उगाच!

त्या रविवारी सगळी स्वारी हवेच्या वॉटर पार्कला निघाली. मोठ्या मैदानावर हवा भरून उभ्या केलेल्या रबरी घसरगुंड्या, डुगडुगणारे पूल आणि खाली निळंशार पाणी. सर, त्यांची बायको, दोन मुलं आणि ताई. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि शिवणकाम करायची. मुलांचे पाण्यात घालायचे निळे कपडे तिनेच शिवले होते.

“पाण्यात किती जण?” तिकीट खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“चौघं,” सर म्हणाले. “ताई सामानाजवळ बसेल. तिला पाण्याची आवड नाही.”

ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर तिच्या मनगटावर करडा पट्टा चढलाही. बाकीच्यांना निळे पट्टे. करडा पट्टा म्हणजे नुसतं बघायचं, पाण्यात पाय बुडवायचा नाही.

मग दिवसभर एकच गजर चालला. “आत्या, बघ!” “ताई, इकडे बघ!” ताई प्रत्येकाकडे बघायची, टाळ्या वाजवायची. मधूनच टॉवेल दे, चष्मा धर, डबा उघड. सगळे पाण्याने भिजले आणि ताई घामाने. एवढ्या उन्हातही तिच्या कुर्त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

सर पाणी प्यायला आले, तेव्हा शेजारच्या छत्रीखाली एक आजोबा पिशव्या राखत बसले होते.

“तुम्हालाही बसवलंय वाटतं?” सरांनी थट्टा केली.

“छे हो, आमच्याकडे पाळी असते. आत्ता सून येईल, की मी निघालो घसरायला! पण तुमच्या ह्या ताईंची पाळी काही संपताना दिसत नाही.”

“तिला आवडच नाही पाण्याची.”

“असं त्या म्हणाल्या?”

“म्हणायला कशाला हवं? इतकी वर्षं बघतोय की आम्ही.”

“अहो, इतकी वर्षं काठावर बसवलेलं माणूस काठावरच दिसणार. त्यावरून आवड कशी कळेल? एकदा विचारून तर बघा.”

‘आले मोठे शहाणे!’ असं मनात म्हणत सर पुन्हा पाण्यात शिरले.

संध्याकाळी ताई सगळ्यांचे ओले कपडे पिळत होती. तिने कुर्त्याची बाही वर सारली, आणि आतली निळी बाही बघून सरांची धाकटी ओरडली, “आत्या, ही तर माझ्या ड्रेसच्या कापडाची बाही! तू पण पाण्याचे कपडे घालून आलीस?”

ताईने घाईघाईने कुर्त्याची बाही खाली ओढली. “कापड उरलं होतं गं. म्हटलं, वाया कशाला घालवायचं.”

“मग पाण्यात का नाही आलीस?”

ताई पिळलेलाच टॉवेल पुन्हा पिळत राहिली. सरांची नजर तिच्या मनगटावरच्या करड्या पट्ट्याकडे गेली. अरेरे! परक्याच्या मुलांना कडेला बसू न देणाऱ्या माणसाने सख्ख्या बहिणीला जन्मभर कडेला बसवलं होतं! आणि वर तिच्या वतीने उत्तरही देऊन टाकलं होतं. शरमेने त्यांचे कान तापले.

ते खिडकीकडे धावले. “एक निळा पट्टा द्या, लवकर!”

“बंद झालं, सर. बघा, हवा सोडतायत.”

मागे मोठी घसरगुंडी हळूहळू खाली बसत होती.

“जाऊ दे रे,” ताई म्हणाली. “पुढच्या वेळी.”

हे ‘पुढच्या वेळी’ आपण तिच्या तोंडून किती वेळा ऐकलंय, ते सरांना आज आठवलं. घरी पोचेपर्यंत त्यांना मान वर करवली नाही. रात्री बायकोही हळूच म्हणाली, “मीही कधी विचारलं नाही हो.”

मग सरांनी काय केलं, तर ताईला पहिल्यांदा विचारलं, “तुला पाण्यात यायचंय?” ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती “हो” म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याच खिडकीशी सर म्हणाले, “पाण्यात चौघं. सामानाजवळ मी!”

दिवस कसा जातो ते त्यांना तिथे बसून समजलं. घोटभर पाणी हवं का, असं कुणी विचारलं नाही. उठावं तर पिशव्या कुणाच्या भरवशावर सोडायच्या? ताईच्या एकेका सहलीचा हिशेब मनात येऊन त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी, आपल्या घरातही असं एक करड्या पट्ट्याचं माणूस असतं. ते तक्रार करत नाही, म्हणून त्याला काही नकोच आहे असं आपण धरून चालतो. त्याला विचारा. आणि नुसतं विचारून भागत नाही, त्याच्या जागी आपल्याला बसावं लागतं.

इतक्यात उंच घसरगुंडीच्या टोकावरून, निळ्या कपड्यांतली ताई लहान मुलीसारखी ओरडली, “अरे, बघ! मी येतेय, बघ!”

सर उठून उभे राहिले. डोळे पुसायचीही त्यांना उसंत नव्हती, कारण त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या.