लेबलाखालचा शिक्का

मुलांनो, थोडा वेळ असं समजा की तुम्ही एका कॉलेजचे प्रमुख आहात. शाळेचे नव्हे, कॉलेजचे. दुकान, कारखाना, दूधसंघ असलं काही चालवायचं तर माणसं कशी सांभाळावीत, माल कसा घ्यावा, दिलेला शब्द कसा पाळावा, हे तिथं शिकवतात. त्याला व्यवस्थापनाचं कॉलेज म्हणतात. साधा शब्द हवा असेल तर कारभार शिकवणारं कॉलेज म्हणा. आता समजा, दुसऱ्यांना कारभार शिकवणाऱ्या तुमच्यावरच असा प्रसंग आला की कारभार कसा करावा तेच सुचेना. खुर्ची तुमची, सही तुमची, आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघताहेत. बसलात त्या खुर्चीवर? मग ऐका.

लातूरच्या अशाच एका कॉलेजच्या संचालक होत्या आरती बिराजदार. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या खिडकीखाली एक टेम्पो येऊन थांबला. नांदेडहून आला होता, आणि त्यात पुस्तकं होती. दोरीनं बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे.

संस्था एकच, कॉलेजं दोन. एक नांदेडला, एक लातूरला. दर काही वर्षांनी तपासणीची समिती येते आणि कॉलेज पुढं चालवू द्यायचं की नाही ते ठरवते. लातूरच्या ग्रंथालयात कागदावर पाच हजार पुस्तकं होती. कपाटं मात्र अर्धी रिकामी. म्हणून तपासणी लातूरला असली की नांदेडची पुस्तकं इकडं यायची, आणि नांदेडला असली की इकडची तिकडं जायची. लग्नघरातली भांडी शेजारी जातात ना, तशी. समिती उद्या सकाळी अकराला यायची होती.

आरतीताईंना खुर्चीवर बसून सहाच महिने झाले होते. हा रिवाज त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्या खाली गेल्या तेव्हा ग्रंथालयात सगळं ऑफिस कामाला लागलं होतं. एका पातेल्यात कणकेची खळ शिजवून ठेवली होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का असतो. त्या शिक्क्यावर लातूरच्या नावाचं नवं लेबल चिकटवायचं चाललं होतं. आणि सगळ्यांच्या मधोमध फतकल मारून, जीभ दातात धरून, सर्वांत नीट लेबल लावत होती नऊ वर्षांची अफसाना.

अफसाना म्हणजे ग्रंथपाल जलीलभाईंची नात, त्यांच्या मुलीची मुलगी. शाळा सुटली की ती इथंच येऊन बसायची.

"जलीलभाई, पोरीला कशाला बसवलं या कामाला?" आरतीताईंनी विचारलं.

"मी न्हाई बसवलं, मॅडम. तीच बसली. म्हणली, नाना, तुमचे लेबलं वाकडे लागून राहिलेत."

अफसानानं मान वर केली. तिच्या हातात एक मोठं रंगीत पुस्तक होतं, जाहिरातींचं. ते टेम्पोतूनच उतरलं होतं आणि त्यावर नांदेडचं लेबल होतं. तिनं ते मधोमध उघडलं. आत संत्रागोळीचा कागद होता, नखानं घासून सपाट केलेला.

"मॅडम, हा माझा कागद हाय," ती म्हणाली. "काडीपेटीवरच्या हत्तीच्या पानात मी खूण ठेवली होती. मग हे पुस्तक नांदेडचं कसं?"

खळीचा ब्रश धरलेला शिपाई थांबला.

जलीलभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मागच्या साली आपली पुस्तकं तिकडं गेली होती, मॅडम. तिकडल्यांनी त्यांचे लेबलं लावले. परत येताना घाईत काही आले, काही राहिले. त्याच्या आधीबी असंच झालं. आता आपले कोणते अन् त्यांचे कोणते, खरं सांगू का, मलाबी सांगता येत न्हाई."

आता बघा, दुसऱ्याचं आणून आपलं म्हणायचं, ही एक गोष्ट. पण तसं करता करता आपलं काय हेच विसरून जायचं, ही त्याहून मोठी गंमत. आरतीताईंना मात्र हसू आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. संस्थेचे अध्यक्ष शेषेराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"पोचला का माल?"

"पोचला, अण्णा. पण उद्याच्या कागदावर मला सही करायची आहे. ही सगळी पुस्तकं आमच्या मालकीची, असं लिहिलेलं असतं त्यात."

"हाव. मग?"

"ती आपली नाहीत."

"मॅडम, तुम्ही लई विचार करून राहिल्या." अण्णांचा आवाज गोड होता. "नांदेड कुणाचं? माझं. लातूर कुणाचं? माझं. मग पुस्तकं काय शेजाऱ्याची हायेत का? आणि एक सांगतो. उद्या मान्यता गेली तर तुमच्या त्या औशाच्या पोरी जातील का पुण्याला शिकायला? त्यांचे बाप घरी बसवतील त्यांना. ते पाप कुणाच्या माथी? बघा बुवा, तुम्हीच शिकवता ना कारभार."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ते टोचलं. औशाहून रोज सकाळच्या बसनं एकवीस मुली यायच्या. त्यांच्यातल्या कितीजणी घरी भांडून आल्या होत्या, ते आरतीताईंना माहीत होतं. सही केली तर खोटं बोललो. नाही केली तर या मुलींचं काय? तुम्ही खुर्चीवर आहात ना अजून? सांगा बरं.

आरतीताईंचे वडीलही औशाचेच. बाजारात धान्याची खरेदी करायचे. पोतं उघडलं की वरची तूर ते बघायचेच नाहीत. बाही मागं सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळातली मूठ वर काढायचे. "वरची तूर विकणाऱ्याची असते," म्हणायचे, "तळाची घेणाऱ्याची." हे वाक्य आरतीताई दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगत. औशाच्या मुलींना ते पाठ होतं.

शनिवारी समिती वेळेवर आली. तिघेजण होते. त्यांचे प्रमुख प्राध्यापक चंद्रप्पा, शांत माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. अण्णाही सकाळीच नांदेडहून येऊन पोचले होते. वर्ग बघून झाले, चहा झाला, चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला. ग्रंथालयाची कपाटं गच्च भरलेली होती. चंद्रप्पांनी दोन पुस्तकं काढली, लेबलं बघितली, परत ठेवली. त्यांना काही दिसलं नाही. जलीलभाई कपाटाला धरून उभे होते, ते पडेल की काय अशा भीतीनं.

"छान आहे," चंद्रप्पा म्हणाले आणि कागद पुढं सरकवला. "इथं सही करा, मॅडम. मग आमचं काम संपलं."

अण्णांनी स्वतःचं पेन काढून दिलं.

आरतीताईंनी पेन घेतलं. पेन जड होतं. कागदावर एकच ओळ होती. त्यांनी ती दोनदा वाचली. दाराशी काहीतरी हललं म्हणून त्यांनी वर बघितलं. शनिवारची सकाळची शाळा सुटून अफसाना आली होती, पाठीला दप्तर. ती कुणाकडेच बघत नव्हती. पुढच्या कपाटात आपलं हत्तीचं पुस्तक शोधत होती, आणि सगळ्या पाठी सारख्या दिसत असल्यानं तिला ते सापडत नव्हतं.

आरतीताईंनी पेनाचं टोपण लावलं.

"सर, मी सही करू शकत नाही. ही पुस्तकं सगळी आमची नाहीत. काही काल नांदेडहून आली."

अण्णा हसले. "मॅडमला रात्री झोप न्हाई, सर. कामाचा ताण हाय."

चंद्रप्पांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग तुमची किती?"

"मला माहीत नाही."

मुलांनो, चूक सांगणं अवघड असतं. पण 'मला माहीत नाही' असं प्रमुखानं सगळ्यांदेखत म्हणणं त्याहून अवघड.

"आम्ही चार वाजता निघणार," चंद्रप्पा म्हणाले. "तोवर खरा आकडा द्या. जो असेल तो मी लिहीन. तुम्ही स्वतः सांगितलंत, तेही लिहीन. पुढं मान्यता राहते की जाते, ते माझ्या हातात नाही. खोटा आकडा लिहायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे."

ते समितीतल्या बाकी दोघांना घेऊन बाहेर पडले. अण्णांनी आपलं पेन उचलून खिशाला लावलं.

"टेम्पो जाताना रिकामा जाणार न्हाई, मॅडम," ते हळू म्हणाले. "पुस्तकं जातील, संगं तुमची खुर्चीबी जाईल. आणि चार वाजेपर्यंत काय मोजता? लेबलावर लेबलं हायेत. देवालाबी कळायचं न्हाई."

ते तिथंच खुर्ची ओढून बसले. कारकून, शिपाई, सगळे आधी अण्णांकडे बघत, मग आरतीताईंकडे, मग खाली. हलायला कुणी तयार नव्हतं. जलीलभाईंचे ओठ हलत होते, पण पाय उचलत नव्हता. घड्याळात पाऊण वाजला होता. आरतीताईंनी पहिलं पुस्तक काढलं, लेबलाला नख लावलं. कागद फाटला, शिक्का तसाच झाकलेला राहिला. आणि अशी हजारो.

अफसानानं हे सगळं ऐकलं होतं. तिनं दप्तर काढून खाली ठेवलं आणि ती बाहेर गेली. आली तेव्हा तिच्या हातात कालचं खळीचं पातेलं होतं, धुतलेलं, पाण्यानं अर्धं भरलेलं, आणि एक फडकं. अण्णांच्या खुर्चीशेजारून ते हिंदकळत नेऊन तिनं पहिल्या कपाटाखाली ठेवलं. मग फतकल मारली, आरतीताईंच्या हातातलं पुस्तक घेतलं, ओलं फडकं लेबलावर दाबलं आणि मनात दहापर्यंत अंक मोजले. लातूरचं लेबल अलगद सुटून आलं. खाली नांदेडचं होतं. तिनं पुन्हा फडकं दाबलं, पुन्हा दहा मोजले. तेही निघालं. पुस्तक उजेडाकडं धरून तिनं खालचा जांभळा शिक्का वाचला, ते आपल्या उजव्या हाताला ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "लातूर, एक. नाना, दुसरं द्या."