सतरा नंबरची पवनचक्की

वरदने पडद्यावरच्या सतरा नंबरच्या पवनचक्कीवर क्लिक केलं आणि ‘थांबवा’च्या बटणापाशी येऊन हात आखडला. पलीकडच्या टेबलावर त्याचा टीम लीड अनिरुद्ध फोनवर बोलत होता. पुण्यात खराडीतल्या या अकराव्या मजल्यावरच्या खोलीला भिंतभर काचा होत्या, पण उघडणारी खिडकी एकही नव्हती. साताऱ्याकडच्या पठारावरचा वारा इथे आकडे होऊन यायचा, आणि त्या आकड्यांचे मालक युरोपात बसायचे.

पठारावर, सतरा नंबरच्या खाली, त्याची धाकटी बहीण शेफाली रेकॉर्डर घेऊन उभी होती. ती चित्रकार. गेलं वर्षभर एकाच विषयाच्या मागे होती. इंग्रजांनी मोजणीत ते अख्खं पठार ‘पडीक’ लिहून टाकलं होतं, आणि पुढे तोच शेरा दाखवून वरदच्या कंपनीला पवनचक्क्यांसाठी जमीन मिळाली होती. तिथे पिढ्यानपिढ्या गुरं चारणाऱ्यांकडे मात्र प्रत्येक वाऱ्याला नाव होतं. ती नावं शेफालीला प्रदर्शनात ऐकवायची होती, तिथल्याच म्हाताऱ्या तुळजाबाईंच्या आवाजात. त्या एकट्यांनाच आता ती आठवत होती. पण चक्कीच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं.

“दादा, थोडाच वेळ थांबव,” सकाळी ती फोनवर म्हणाली होती.

“नोकरी जाईल माझी, शेफू.”

“माझं अनुदानही तुझ्या मालकांच्याच देशातून येतं. दोघंही त्यांचंच खातोय. निदान एवढं तरी करू.”

वरदने बटण दाबलं. सतराचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

बऱ्याच वेळाने अनिरुद्धचा फोन संपला.

“सतरा का थांबलीय?”

“कंप जास्त वाटला.”

“वाटला? वा. वाटण्याचाही पगार देतात का आता? चालू कर.”

वरदने चालू केली.

दुपारी शेफालीने रेकॉर्डिंग पाठवलं. जिन्यात बसून त्याने ते ऐकलं. सुरुवातीला तुळजाबाई ओरडूनच बोलत होत्या.

“आजी, चक्की बंद आहे. हळू बोला ना.”

“हळूच तर बोलतीया!”

मग त्यांचा त्यांनाच आवाज जाणवला असावा. त्या थांबल्या, आणि पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज अगदी जवळ आल्यासारखा वाटला.

“दरीतनं वर येतो त्यो चढवा. मागनं ढकलतो त्यो पाठीराखा. आन् पहाटंचा…” त्या हसल्या. “थांबीवली कुणी म्हणालीस? तुझ्या भावानं? आता चालू कर म्हणावं त्याला. बघू ऐकतो का.”

तेवढ्यात घरघर सुरू झाली.

“आगं, ऐकतोय की!” तुळजाबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. “इतक्या वर्सांत कुणी ऐकलं न्हवतं बघ.”

रेकॉर्डिंग संपलं तरी वरद इयरफोन न काढता बसून राहिला.

तो जागेवर परतला तेव्हा अनिरुद्ध त्याच्याच खुर्चीपाशी उभा होता.

“तिकडून मेल आलाय. कंप वगैरे काही नव्हता. आजपासून तुला फक्त बघायचं काम, बटणं बंद. नोकरी वाचली तुझी. पेढे आण.”

संध्याकाळी शेफालीचा फोन आला.

“आजींना तुझ्याशी बोलायचंय.”

“चक्की योगायोगाने चालू झाली, हे तू त्यांना सांगितलं नाहीस?”

“मला नाही जमलं. तू सांग.”

फोन हातातून हातात गेला.

“पोरा, उन्हं कलली की चक्कीची सावली घरात शिरती. भिंतीवर सारखी फिरती. नातीचं तान्हं बाळ दचकून रडतंय. तेवढ्यापुरती रोज थांबीवशील का?”

मागे खरंच मूल रडत होतं. समोर पडद्यावर सतरा नंबर हिरवा होता आणि त्याच्याखालचं बटण राखाडी. काचेपलीकडे रस्त्याकडेची झाडं वाऱ्याने वाकत होती. इथे पानाचाही आवाज येत नव्हता.

“ऐकतोयस न्हवं?”

“हो, आजी.”

“मग?”

वरदने अनिरुद्धकडे पाहिलं. तो बॅग आवरत होता.

“बघतो,” वरद म्हणाला.

“बघ बाबा,” तुळजाबाई म्हणाल्या. “बाळाला घिऊन मी दारातच बसलीया.”