भास्करबुवाचं तीर्थ आणि मांजर

बडनेऱ्याला भास्करबुवाच्या मठात रविवारी मुंगीला शिरायला जागा नसायची. "सूर्यनारायण उतरला या तेलात! मुडदा उठून बसन!" बुवा बोंबलायचा, पळीपळीने पिवळं तीर्थ वाटायचा आणि शिकलीसवरली माणसंही ओंजळ पुढे करायची.

त्या गर्दीत गोदाबाई वाटी घेऊन उभी होती. तिचा नवरा रामराव आतड्याच्या ऑपरेशनमधून कसाबसा वाचला होता. अमरावतीच्या दवाखान्यात पडून होता, पण अंगात ताकद येत नव्हती. डॉक्टर धर्मपालांनी माशाच्या लिव्हरचं तेल लिहून दिलं, व्हरांड्यात उन्हात बसवायला सांगितलं. रामराव पडला माळकरी, आणि बुवाने आधीच भरवून ठेवलं होतं, "मासोळीचं तेल प्याल तं माळ बाटन! उनवारा लागला तं मराल!" गोदाबाईने बाटली परत केली, खाटेजवळची खिडकीही लावून घेतली. रामराव दिवसेंदिवस खंगत चालला.

तीर्थ घेऊन वॉर्डात आल्यावर नवऱ्याला उठवताना वाटी कलंडली. दवाखान्यातलं मांजर धावत आलं आणि मिटक्या मारत फरशी चाटू लागलं.

गोदाबाईने फेरीवर आलेल्या धर्मपालांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, बुवा तं म्हन्ते तिळाचं तेल हाये. मांजर काहून चाटून राहिलं?"

धर्मपालांनी वाटी हुंगली. वर कापूर, वेलदोडा, खाली मासा.

"बाई, आमचंच औषध हाये हे! तिळाच्या तेलात नुसतं नावाले टाकलं."

परत आलेल्या बाटल्या ठेवून घेणारा कंपाउंडर शालिकराम बुवाचा साळा. डॉक्टरांनी दरडावताच तो सगळं ओकला: माळकऱ्यांनी परत केलेल्या बाटल्या तो मठात पोचवत होता.

पुढच्या रविवारी गोदाबाईने मांजर टोपलीत घालून मठात नेलं; धर्मपालही शालिकरामाला घेऊन सोबत गेले. डॉक्टरांनी एका वाटीत तिळाचं तेल ठेवलं, दुसरीत तीर्थ. मांजर तिळाच्या तेलाला हुंगून सरळ तीर्थावर तुटून पडलं.

"मुक्या जीवालेही भक्ती असते!" बुवा ओरडला.

"मंग शालिकरामाले विचारा!" गोदाबाई कडाडली. शालिकरामाने मान खाली घालून सगळं सांगितलं. माणसं थुंकू लागली, कोणी घशात बोटं घातली. बुवा मागच्या दाराने पसार झाला.

"तेलावर थुंकू नका," धर्मपाल म्हणाले. "तेही काही जादू नाही. उन्हानं अंगात एक जीवनसत्त्व तयार होते, तेच या तेलातही असते; ते खंगलेल्या शरीराले लागते. बाकी जेवण, औषध, काळजी."

गोदाबाईने त्याच दिवशी वॉर्डात येऊन खिडकी सताड उघडली, चमचा भरला.

"माळ गळ्यात राहीन, तेल पोटात जाईन. भांडण त्या चोट्ट्यानं लावलं होतं. उघडा तोंड."

रामरावाने नाक दाबून चमचा रिकामा केला.

किळस यावी ती माशाच्या वासाची नाही. आजाऱ्याच्या तोंडचं औषध पळवायचं आणि तेच तीर्थ म्हणून त्याला पाजायचं, किळस याची यावी. बाबांनो, डॉक्टरला शंभर प्रश्न विचारता ना? तेवढेच बुवालाही विचारा.