रामरामात बुडालेला निरोप

हे कोणी मानणार नाही, असं म्हणूनच मी परवा शेलूबाजारच्या जीपथांब्यावर सुरुवात केली. म्हटलं, आमच्या तांड्याच्या एका रामरामाने मानोऱ्यापासून पार कारखान्यांच्या मुलखापर्यंतचे मोबाइल असे तापले की एका बाईने त्यावर पापड भाजला. तो पापड मी खाल्ला आहे. एका बाजूने कच्चा होता, यावरून ओळखा की गोष्ट खरी आहे.

मंगरूळची जीप भरल्याशिवाय हलणार नव्हती. माणसं माझ्याकडे वळून बसली. चहावाल्याने विचारलं, गुलाबसिंगभाऊ, मागच्या वेळी तुमच्या शेळीने वाघ पळवला होता ना? मी म्हणालो, तो लहान वाघ होता, हे प्रकरण मोठं आहे. आणि सांगू लागलो.

दौलतसिंग आणि मी एकाच तांड्यात वाढलो. ऊसतोडीचा हंगाम संपला आणि आमची टोळी दोन ट्रकांतून परत निघाली. पुढच्यात गडीमाणसं, मागच्यात भांडी, शेळ्या, बाजा आणि बाया. दौलतसिंगाची याद अलीकडे दगा देऊ लागली होती. कोयता हातात असला की त्याला सगळं आठवायचं. कोयता खाली ठेवला की स्वतःच्या पोरालाच विचारायचा, तू कोणाचा रे? वाटेत कुठंतरी दोन्ही ट्रक चहाला थांबले. त्याची बायको रामीबाई मागच्या ट्रकात होती, तिला वाटलं तो पुढे चढला. पुढच्यांना वाटलं, तो बायकोजवळ जाऊन बसला. शेलूबाजारला सामान उतरलं तेव्हा रामीबाई त्याच्यासाठी तांब्यात पाणी घेऊन पुढच्या ट्रकाजवळ गेली. पाणी द्यायला माणूस नव्हता.

चैताचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्याचा मोबाइल तिच्या गाठोड्यात होता. हरवेल म्हणून तिनेच काढून घेतला होता.

त्याचा मुलगा धनराज त्याच पावली उलटा निघाला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि वाट पाहायला सांगितलं. पण वाट पाहायची तरी कुठं? धनराजची मुलगी रंजीता मानोऱ्याच्या कॉलेजात शिकते. तिने आजीला ओसरीवर टेकवलं आणि मोबाइल घेऊन लिंबाखाली बसली.

आता हे नीट समजून घ्या. आमच्या पोरांनी गेम खेळायला, गप्पा मारायला मोबाइलवर आपापल्या बैठका केलेल्या आहेत. ती त्याला सर्व्हर म्हणतात. आमच्या तांड्याचा एक, इथल्या जीपवाल्यांचा एक, इंझोरीच्या पोरांचा एक, तिकडे कारखान्याच्या ट्रॅक्टरवाल्यांचा एक. पण एका बैठकीतलं बोलणं दुसरीला कळत नाही. भिंतीला भिंत लागून आहे, मधे दार नाही. रंजीता मला म्हणाली, "आजा, दार पाडता येते." बॉट नावाचा एक निरोप्या असतो म्हणे, माणूस नसलेला. त्याला प्रत्येक बैठकीत शिरू दिलं की तो सगळीकडे एक-एक खोली उघडतो आणि त्या खोल्या आतून जोडतो. तांड्यात लिहा, परभणीत दिसते. परभणीत लिहा, तांड्यात दिसते. त्या जोडखोलीचं नाव तिने चव्हाटा ठेवलं.

अडचण एकच. बैठकीच्या नायकाने, म्हणजे ॲडमिनने, निरोप्याला आत घेतलं पाहिजे. रंजीताने साऱ्यांना लिहिलं. जीपवाल्यांनी लगेच घेतलं. तांड्यातांड्यांच्या पोरांनी घेतलं. इंझोरीच्या प्रज्वलने मात्र नाही म्हटलं. आमच्या बैठकीत बाहेरची गर्दी नको, म्हणे. आणि नेमकी त्याचीच बैठक मोठी होती. इंझोरीची पोरं शिकायला हिंगोलीला, परभणीला राहतात, त्यांचे तिकडचे दोस्त त्यात. दौलतसिंग हरवला तो त्याच वाटेवर.

मग मी इंझोरीला गेलो. प्रज्वलला सांगितलं की तुझा आजा जवानीत अडाण नदीच्या पुरात वाहून चालला होता, आमच्या दौलतसिंगाने म्हशीच्या शेपटीला धरून त्याला काठाला लावलं. त्याचे आजे जगदेवराव तिथंच बाजेवर सुपारी कातरत बसले होते. असं झालं, असं ते म्हणाले नाहीत. झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. सुपारीचं खांड तोंडात टाकून नातवाला म्हणाले, "जोडून दे, बाबू. म्हैस होती का नोती, ते मंग पाहू."

चव्हाटा जुळला. रंजीताने दौलतसिंगाचा फोटो टाकला. लाल फेटा, पांढरं धोतर, कानात चांदीची बाळी. खाली लिहिलं की यांना काही आठवत नाही, दिसले तर बसवून ठेवा, पाणी द्या, फोन करा. रामीबाई तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिला वाचता येत नाही, पण डोळा त्या काचेवरून हलत नव्हता.

पहिला निरोप आला तो दिग्रसकडच्या एका तांड्याच्या नायकाचा, धरमसिंगाचा. त्याच्या पोराने त्याच्या हातात मोबाइल दिला असावा. त्याने लिहिलं, समद्यांले रामराम.

आता आमच्यात रामराम आला की तो परत करावा लागतो. मयतीला गेलो तरी आधी रामराम, मग रडणं. न घेतलेला रामराम म्हणजे तोंडावर दार लावणं. आमच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी नातवंडांकडून रामराम लिहून घेतला. निरोप्याने तो प्रत्येक खोलीत पोचवला. प्रत्येक खोलीतून प्रत्येकाने तो परत केला. तेही निरोप्याने साऱ्यांना पोचवले. मग त्यांचे परत आले. रूपला नावाचा आमचा एक गडी, त्याला वाटलं आपला राहून गेला, म्हणून त्याने पुन्हा घातला.

"आलं का व काही?" रामीबाईने विचारलं.

"आलं, आजी. रामराम आला."

"अजून?"

"अजून रामरामच येऊन राह्यला."

रंजीताने हात जोडून लिहिलं की कृपा करून कोणी रामराम घालू नका. झालं! ही कोणाची पोर, रामरामाले मना करते म्हणून चार तांडे रुसले. रुसलेल्यांची समजूत काढायला दुसरे चार तांडे धावले, आणि समजूत काढताना आधी काय घालतात ते मी तुम्हाला वेगळं सांगत नाही. इथेच तो पापड भाजला गेला. मानोऱ्याचा टॉवर एका अंगाला कलला. कोंबड्या मोबाइलवर अंडी उबवू लागल्या. जीपथांब्यावरची माणसं इथे हसली, मी त्यांना हसू दिलं.

कारण त्या गर्दीत एक निरोप येऊन गेला होता. परभणीकडच्या कोण्या पोरीचा. औंढ्याच्या बसस्थानकावर लाल फेट्याचे बाबा बसले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडतात, माझी बस निघते आहे, कोणी येता का? खाली रामराम, वर रामराम, मधे हा एवढासा. रंजीताला लाल फेटा एवढे शब्द दिसले न दिसले, तोच काच वर सरकली. ती मागे जाऊ लागली. तेवढ्यात ॲपने आमच्या निरोप्याचं तोंड बांधलं. फार बोलला म्हणून. साऱ्या खोल्या पुन्हा बंद.

आधी आलेलं सगळं मोबाइलवर होतं, पण शोधायचं कसं? ती बोटाने रामराम सारत राहिली. तांड्यातल्या पोरी आपापले मोबाइल घेऊन तिच्याभोवती बसल्या आणि त्याही सारत राहिल्या. धान पाखडताना खडा शोधतात तशा. रामीबाई मधेच एकेकीचं बोट पाही, ते थांबलं की ती पुढे सरकून वाके. शेवटी रंजीताच्या बोटाखाली तो निरोप आला. ऊन तोवर कललं होतं.

धनराज औंढ्याला पोचला तेव्हा बाक रिकामा होता. शेंगदाणे विकणाऱ्या बाईने सांगितलं, होते ना, दुपारपर्यंत होते, मग कोणीतरी दया येऊन त्यांना बसमध्ये बसवून दिलं. कोणत्या बसमध्ये? ते तिने पाहिलं नव्हतं. धनराजने फोनवर एवढं सांगितलं. रंजीताने फोन आजीच्या कानाला लावला.

रामीबाई म्हणाली, "तिले विचार, पाणी पेले होते का?"

धनराजने विचारलं. बाईने दोनदा पाणी दिलं होतं. ते ऐकून रामीबाईने मान हलवली, जणू अर्धं काम झालं.

दुसऱ्या दिवशी निरोप्याचं तोंड सुटलं, पण आता खोल्याच गळू लागल्या. ट्रॅक्टरवाले म्हणाले, आमच्या कामाचे निरोप बुडतात, आम्ही दार लावतो. एक तांडा रुसून गेला, दुसरा त्याच्या मागे. रंजीता एकेकाला लिहून विनवत होती, थोडे दिवस राहू द्या, कोणी बोललं नाही तरी चालेल, नुसतं उघडं ठेवा. प्रज्वलने ठेवलं. जीपवाल्यांनी ठेवलं. चव्हाट्यावर आता कोणी चकार शब्द लिहीना. रामराम घालायची भीती बसली, आणि सांगण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. त्या रिकाम्या काचेकडे रामीबाई बसून पाही. सुनेने भाकर पुढे ठेवली तर ती झाकून ठेवी, ते आल्यावर खाऊ म्हणे.

इथे जीपवाल्याने हॉर्न वाजवला. एक माणूस कमी होता तरी तो निघायला तयार होता, पण कोणी उठलं नाही. एका बाईने पदर तोंडाला लावला होता. तिला तशीच जीपमध्ये कशी बसवणार? मी घसा साफ केला.

म्हटलं, मग मी रंजीताला सांगितलं, बाई, त्याला वाचता येत नाही आणि फोटो दाखवला तर स्वतःचा चेहरा तो ओळखणार नाही. पण बायकोचा आवाज कोण विसरतो? चव्हाट्यावर आवाज टाक. आणि साऱ्यांना लिही की मोबाइलचा आवाज मोठा करा आणि तोंड बंद ठेवा. रामीबाईने मोबाइल तोंडाशी धरला आणि म्हणाली, "धनराजचे बापू, भाकर निवून राह्यली. कुठं बसले तुमी?"

तो आवाज गेला, बाप्पा. हिंगोलीत गेला, परभणीत गेला. हॉटेलांतून, कॉलेजांतून, कारखान्याच्या फाटकातून एकाच वेळी रामीबाई बोलली. रस्त्याने चाललेले सारे म्हातारे दचकून घराकडे वळले. जिंतूरजवळ एका बसमध्ये कंडक्टरच्या खिशातून ती बोलली, आणि मागच्या सीटवरून उत्तर आलं, "आलो ना व, कायले ओरडतं?" कंडक्टरने बस तिथेच वळवली. ती कुठेही थांबली नाही. पुसदचे प्रवासी पुसदला उतरले नाहीत, वाशीमचे वाशीमला उतरले नाहीत, सारे आमच्या तांड्यापर्यंत आले. दौलतसिंग खाली उतरला, पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, मीठ कमी आहे.

पदर धरलेली बाई हसली. तिने विचारलं, आता बरे आहेत ना?

मी म्हणालो, एकदम मजेत. सकाळी शेळ्या घेऊन जातो, संध्याकाळी मला शिव्या देतो.

बोलता बोलता वाशीमकडची बस येऊन लागली होती, ते मला दिसलं नाही. माझी पाठ होती. चहावाल्याने नजर खाली घातली म्हणून मी वळलो. रामीबाई बसच्या पायरीवरून उतरत होती. आतल्या सीटा पाहून झाल्या होत्या. किती वेळ ऐकत होती कोणास ठाऊक. आवाज चढवला नाही तिने. त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गुलाबभाऊ, ते आले असते तं मी रोज येऊन एकेक बस वाकून काहून पाह्यली असती?"