माना टाकलेले गुलाब

पानाकाकांनी चाळीस वर्षं नळदुरुस्ती केली. खिशात कायम पाना, म्हणून हे नाव. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात काकूंनी घराखालच्या गाळ्यात फुलांचं दुकान थाटलं. तिथे काकांना एकच काम उरलं होतं : स्टुलावर बसून सूचना करणं.

त्या शनिवारी लग्नाची ऑर्डर होती. दीडशे गुलाब, लांब दांड्यांचे, पाच वाजता हॉलवर. पण फुलांची गाडी उन्हात रखडली आणि दहाचा माल बाराला आला. काकूंनी भराभर दांड्या तिरप्या कापल्या, बादल्यांत उभ्या केल्या आणि हुश्श म्हणून जेवायला गेल्या. परत येऊन बघतात तर सगळ्या गुलाबांनी माना टाकलेल्या.

"अहो, बघा ना हे! बादलीभर पाणी आहे आणि मेले पीत नाहीत!"

काका उठले. एक दांडी उचलून त्यांनी बोटांनी चाचपली. खाली टणक, मानेपाशी लुळी.

"अगं, टाकी भरलेली आणि वरच्या मजल्यावर थेंब नाही. लाइनीत हवा अडकलीय."

"गुलाब आहेत ते, मोरीतला पाइप नाही!"

"पाइपच आहेत. कोरडी दांडी कापलीस, तोंडातून हवा आत गेली. आता बुडबुडा आडवा बसलाय."

काकूंनी एका दांडीचं कापलेलं टोक निरखलं. मग हळूच म्हणाल्या, "फुलसजावटीच्या कोर्सच्या मॅडम सांगायच्या, देठ पाण्याखाली कापा. मला वाटलं, नखरे आहेत."

"मग कापू या की."

"चार बोटं दांडी जाईल! उंच फुलदाण्या ठरल्यात माझ्या."

"आधी तीन कापून बघू."

तीन गुलाबांचे देठ पाण्यात बुडवून कापले आणि फुलं आख्खीच्या आख्खी टबात कोमट पाण्यात आडवी ठेवली. पाऊण तास दोघंही टबापाशी बसून. नवरीच्या आईचा फोन आला तेव्हा काकू "होतच आलंय" असं धडधडीत खोटं बोलल्या. फोन ठेवला आणि बघतात तर दोन गुलाबांची मान ताठ!

मग काय विचारता! न्हाणीघरातला टब, कपड्यांची घमेली, भांड्यांचं सिंक, सगळीकडे गुलाब पोहायला लागले. कापता कापता काकांनी विचारलं, "झाडात मोटर कुठे असते गं?"

"नसतेच. पानांतून पाण्याची वाफ उडते, तेवढं पाणी खालून ओढलं जातं. मातीतले क्षार त्यातच विरघळून वर येतात. आणि पानांत तयार झालेली साखर दुसऱ्या नळ्यांतून बाकीच्या झाडाला जाते, पार मुळांपर्यंत."

काकांची कात्री थांबली. "दोन वेगळ्या लाइनी?"

"वेगळ्या."

"आणि वीज?"

"ऊन."

"चाळीस वर्षं मी मोटरी दुरुस्त करत बसलो," काका म्हणाले आणि पुढचा देठ जरा जपूनच कापला.

चारपर्यंत दहा-बारा सोडून सगळे गुलाब सावरले. जे नाही सावरले त्यांच्या पाकळ्या काकूंनी टेबलांवर पसरायला घेतल्या आणि आखूड दांड्यांसाठी काचेचे पसरट वाडगे काढले. हॉलवर नवरीची आई ते बघून म्हणाली, "बरं केलंत हो! उंच फुलदाण्यांमुळे समोरच्याचं तोंडच दिसत नाही."

काकूंनी चेहरा असा ठेवला, जणू सकाळपासून हेच ठरलं होतं. काकांना मात्र हसू आवरेना, म्हणून ते बाहेर पडले.

काकू आल्या तेव्हा ते फुटपाथवरच्या चार मजली उंच झाडाच्या बुंध्याला हात लावून वर बघत होते.

"काय शोधताय?"

"कुठे गळत असेल तर बघतोय," काका म्हणाले. "पण काम चोख आहे हो."